उणे 18 मध्ये धावायचं तर आधी घामाचा विचार करा

तुमचा प्रश्न वाचला आणि मला माझा कॅनडातल्या ओटावातला पहिला हिवाळा आठवला. तुम्ही मूळचे साताऱ्याचे, यवतेश्वरच्या घाटातली सातारा हिल हाफ मॅरेथॉन दोनदा पूर्ण केलेली. सप्टेंबरमध्ये नोकरीसाठी इकडे आलात आणि मे महिन्याच्या शेवटी होणाऱ्या ओटावा मॅरेथॉनमध्ये उतरायचं ठरवलंत. गेल्या रविवारी तापमान उणे 18 होतं. सुती बनियन, त्यावर स्वेटर, त्यावर पिसांचं जाड जॅकेट घालून तुम्ही बाहेर पडलात. तिसऱ्या किलोमीटरला घामाने निथळायला लागलात, परतीच्या वाटेवर जॅकेटची चेन उघडलीत, आणि घरी पोचेपर्यंत हुडहुडी भरली, बोटं बधिर झाली. आता विचारताय की अजून काय घालायला हवं होतं, अशा हवेत फुफ्फुसं गोठतात हे खरं आहे का, आणि मार्चपर्यंत ट्रेडमिलवरच धावावं का.

अजून काही घालायला नको होतं. होतं त्यातलंच बरंचसं काढायला हवं होतं. हे पटायला वेळ लागतो, कारण दार उघडल्यावर जो गारठा अंगावर येतो त्याला बघून आपण कपडे ठरवतो. पण धावणारा माणूस त्या गारठ्यात फार तर दहा मिनिटं असतो. त्यानंतर त्याच्या अंगातली शेगडी पेटलेली असते.

65 किलो वजनाचा माणूस ताशी 10 किलोमीटरच्या वेगाने धावला, तर तासाला साधारण 650 किलोकॅलरी खर्च करतो. त्यातला जेमतेम पाव हिस्सा पुढे सरकायला लागतो, उरलेल्या तीन हिश्श्यांची नुसती उष्णता होते. म्हणजे 500 ते 600 वॉटचा हीटर तुम्ही अंगात घेऊन पळताय. शांत बसलेल्या माणसाच्या अंगातून निघते त्याच्या सहा-सात पट ही उष्णता आहे. तिच्यावर पिसांचं जॅकेट चढवलं तर तिला बाहेर जायला वाट उरत नाही, आणि शरीर आपल्याला ठाऊक असलेला एकच उपाय करतं, घाम सोडतं. तो घाम सुती बनियन शोषून घेतं आणि अंगाला चिकटून बसतं. कोरड्या कपड्यात अडकलेली हवा ऊब धरून ठेवते. पाणी मात्र हवेच्या सुमारे 25 पट वेगाने अंगातली उष्णता ओढून नेतं. तुम्ही जोरात पळताय तोवर हे जाणवत नाही. दमून वेग कमी झाला, सिग्नलला थांबलात किंवा पायात गोळा आला, की शेगडी मंदावते आणि ओलं बनियन तसंच राहतं. तुमच्या बाबतीत नेमकं हेच झालं, आणि चेन उघडल्यावर ओल्या स्वेटरमध्ये थेट वारा शिरला.

आपल्याकडे घाम गाळला म्हणजे व्यायाम झाला, असं लहानपणापासून मनावर बिंबलेलं असतं. मी चिपळूणची, तिथे तर पायरीवर नुसतं बसलं तरी घाम येतो. इथे मला हे सगळं उलटं शिकावं लागलं. पहिल्या जानेवारीत मी कालव्याकाठी एकटीच धावायला गेले होते, तुमच्यासारखेच कपडे घालून. घरापासून चार किलोमीटरवर बर्फात घोटा मुरगळला. लंगडत चालत घरी यायला तास लागला असता. दुसऱ्या किलोमीटरला दात वाजायला लागले. तिसऱ्या किलोमीटरला खिशातली किल्ली नीट पकडता येईना, आणि एका बाईंनी थांबून विचारपूस केली तेव्हा मला वाक्य धड पूर्ण करता येईना. त्यांनी गाडीतून घरी सोडलं. हातातून वस्तू निसटणं, जीभ अडखळणं ही शरीराचं आतलं तापमान उतरायला लागल्याची खूण असते, हे मला नंतर कळलं. त्या दिवसापासून मी एक नियम पाळते: कपडे पळण्यापुरते घालायचे, आणि अडकून पडलो तर लागणारा एक थर कमरेच्या पट्ट्यात किंवा छोट्या सॅकमध्ये ठेवायचा. मुठीत मावणारं पातळ विंडचीटर पुरतं.

आता कपडे. इथले जुने धावपटू एक आडाखा सांगतात, तो मला पटलेला आहे: थर्मामीटरवर दिसतंय त्यापेक्षा सुमारे 10 अंशांनी हवा उबदार आहे असं धरून कपडे घाला. म्हणजे उणे 18 ला उणे 8 मध्ये फिरायला जाताना घालाल तेवढेच. दारातून बाहेर पडताना थोडं काकडायलाच हवं. पहिल्या पाच मिनिटांत तुम्ही अगदी मजेत असाल, तर पंधराव्या मिनिटाला भिजणार हे नक्की.

अंगालगतचा थर सर्वांत महत्त्वाचा, आणि तिथेच लोक पैसे वाचवतात. त्याचं काम ऊब देणं नाही; घाम अंगावरून उचलून बाहेर सरकवणं हे त्याचं काम. पॉलिएस्टर जवळजवळ पाणी पीत नाही, म्हणून ते घाम पसरवून वाळू देतं. बारीक मेरिनो लोकर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास ओलावा धाग्यात सामावून घेते आणि तरी ओली लागत नाही. मला स्वतःला मेरिनो आवडते. ती टोचत नाही, वासही धरत नाही. फक्त महाग असते आणि कसर लागते. दोन चांगले पूर्ण बाह्यांचे मेरिनो शर्ट घेतले तर पूर्ण हिवाळा निघतो. हा थर अंगाला घट्ट बसला पाहिजे, सैल राहिला तर घाम उचलणार नाही. सुती बनियन मात्र नोव्हेंबर ते मार्च धावताना नकोच. घरातल्यांच्या आग्रहाने आतून घातलं, तरी त्याने वरच्या सगळ्या थरांची मेहनत वाया जाते.

शून्य ते उणे 5 पर्यंत हा एक थर आणि वर पातळ विंडचीटर एवढ्यात माझं भागतं. उणे 5 च्या खाली शर्ट थोडा जाड घेते. उणे 12 च्या खाली मधे एक पातळ फ्लीस येतं, गळ्याशी अर्धी चेन असलेलं. ही अर्धी चेन फार कामाची: ऊब वाढली की वीतभर उघडायची, वारा समोरून आला की बंद करायची. तुम्ही जॅकेट अख्खं उघडलंत तिथे चूक झाली. भिजल्यावर उघडून उपयोग नसतो, भिजण्याआधी उघडायचं असतं. उणे 20 च्या खालीही मी मधला थरच थोडा जाड करते, चौथा थर चढवत नाही. सर्वांत वरचं कवच वारा अडवणारं हवं, पण त्याच्या पाठीवर किंवा काखेत हवा जाण्याची जाळी हवी. पावसाचा रेनकोट घालू नका. वारा आत येत नाही हे खरं, पण वाफही बाहेर जात नाही, आणि अर्ध्या तासात त्याच्या आतल्या बाजूला दव जमून गोठतं. पिसांचं जॅकेट बसस्टॉपवर उभं राहायला उत्तम आहे. पिसं भिजली की गोळा होतात आणि त्यांची ऊब जाते, म्हणून धावताना नको.

पायांची काळजी सोपी आहे, कारण मांड्या स्वतःच भट्टीसारख्या तापतात. उणे 10 पर्यंत एक चांगली, आतून खरखरीत अस्तर असलेली टाइट्स पुरते. त्याखाली मांडीच्या पुढच्या बाजूला वारा अडवणारं कापड शिवलेली टाइट्स घ्या, किंवा साध्या टाइट्सवर सैल ट्रॅकपँट चढवा.

इथे पुरुष धावपटूंना स्पष्ट सांगावं लागतं, कारण संकोचापोटी कुणी सांगत नाही. मांड्या गरम असल्या तरी जांघेच्या पुढच्या भागात वारा शिरतो आणि तिथे हिमदंश होऊ शकतो, म्हणजे थंडीने त्वचा गोठू शकते. 1977 साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एका डॉक्टरने धावताना स्वतःला झालेल्या अशा त्रासाची नोंद प्रसिद्ध केली होती. पुढच्या बाजूला वारारोधक कापड असलेल्या अंडरवेअर याच कारणासाठी मिळतात. उणे 15 च्या खाली आणि वारा असेल तर त्या घालाच. आणि बायकांसाठी: स्पोर्ट्स ब्रा सर्वांत जास्त घाम धरते आणि सर्वांत हळू वाळते. घरी आल्यावर आधी चहा ठेवू आणि मग कपडे बदलू असं करू नका. ती आधी काढा, कोरडं काहीतरी घाला, मग चहा.

आता वाऱ्याबद्दल, कारण नुसतं तापमान बघून निघणं फसवं असतं. ओटावातले सर्वांत थंड दिवस बहुधा लख्ख उन्हाचे असतात. खिडकीतून बघितलं तर पाचगणीची सकाळ वाटावी. हवामान खात्याच्या अंदाजात तापमानाच्या शेजारी ‘विंड चिल’चा, म्हणजे वाऱ्यामुळे किती गार जाणवेल याचा आकडा असतो, तो बघत जा. ही कल्पना पॉल साइपल आणि चार्ल्स पासेल या दोघांनी अंटार्क्टिकात पाणी गोठायला किती वेळ लागतो हे मोजून मांडली, 1945 मध्ये ती छापून आली. आज कॅनडा आणि अमेरिकेत वापरतात ते सूत्र 2001 चं आहे. त्यासाठी टोरंटोत स्वयंसेवकांना थंड वाऱ्याच्या बोगद्यात चालायला लावून त्यांच्या चेहऱ्यावरचं तापमान मोजलं गेलं. म्हणजे हा आकडा उघड्या चेहऱ्याला काय जाणवेल ते सांगतो. नीट झाकलेल्या छातीला तो तितका लागू नाही. उणे 15 तापमान आणि ताशी 20 किलोमीटर वारा असेल तर विंड चिल उणे 24 येतो. उणे 20 आणि 30 किलोमीटर वारा असेल तर उणे 33. आणि वारा अजिबात नसला तरी तुम्ही ताशी 10 किलोमीटरने पळताय, तेव्हा तेवढा वारा तुम्ही स्वतःच तयार करताय. कॅनडाच्या हवामान खात्याच्या तक्त्यानुसार उणे 28 ते उणे 39 विंड चिलमध्ये उघडी त्वचा 10 ते 30 मिनिटांत गोठू शकते, आणि उणे 40 ते उणे 47 मध्ये 5 ते 10 मिनिटांत.

म्हणून वाट ठरवताना पहिला प्रश्न: वारा कुठून आहे? इथे हिवाळ्यात तो बहुतेक वेळा पश्चिमेकडून किंवा वायव्येकडून येतो. जाताना वारा तोंडावर घ्या, येताना पाठीवर. उलटं केलंत तर जाताना पाठीला वारा असल्याने मजेत घाम येतो, आणि वळल्याक्षणी ओल्या अंगावर तो बोचरा वारा समोरून येतो. ओटावा नदीकाठच्या वाटेवर तर हे फारच जाणवतं, कारण गोठलेल्या नदीवरून वाऱ्याला अडवायला झाडसुद्धा नसतं. लांब पल्ल्याच्या दिवशी मी एकच मोठा फेरा न घेता घराभोवती पाच-सहा किलोमीटरचे फेरे घेते. प्रत्येक फेऱ्याला दारातून आत जाऊन टोपी-हातमोजे बदलता येतात, आणि काही बिनसलं तर घर कधीच तीन किलोमीटरपेक्षा लांब नसतं.

तुमची बोटं बधिर झाली, त्याबद्दल थोडं सविस्तर. थंडीत शरीर आधी पोटातले आणि छातीतले अवयव सांभाळतं, आणि हातापायांच्या टोकांचा रक्तपुरवठा आवळतं. त्यामुळे पाच बोटांचे हातमोजे कितीही जाड घेतले तरी प्रत्येक बोट एकटं पडतं. उणे 10 च्या खाली मिटन्स घ्या, म्हणजे अंगठा वेगळा आणि चार बोटं एकत्र असलेले मोजे. चार बोटं एकमेकांना ऊब देतात. माझी जोडी अशी असते: आत पातळ लोकरी हातमोजे, वर वारा अडवणारं सैल मिटन. अर्ध्या वाटेत हात तापले की मिटन काढून खिशात. सैल हा शब्द महत्त्वाचा आहे. घट्ट मोजे रक्त अडवतात, आणि रक्त नाही तर ऊब नाही. हात बधिर व्हायला लागले तर खांद्यातून हात गोल गोल जोरात फिरवा, पंधरा-वीस वेळा. केंद्राकडे गेलेलं रक्त बोटांत उतरतं आणि मुंग्या येत जाग येते. ज्यांची बोटं जराशा गारव्यातही पांढरीफटक पडतात, त्यांनी डॉक्टरांना आधी विचारावं. रेनो नावाचा हा त्रास पुष्कळांना असतो आणि त्यांना वरचे सगळे आकडे अलीकडे आणावे लागतात.

हिमदंशाच्या वर्णनात नेहमी ‘त्वचा पांढरी पडते’ असं लिहिलेलं असतं. आपल्या गव्हाळ किंवा सावळ्या रंगावर तो पांढरेपणा लवकर कळत नाही. कधी राखाडी छटा येते, कधी मेणासारखी पिवळट, आणि पुष्कळदा काहीच दिसत नाही. त्यामुळे डोळ्यांपेक्षा स्पर्शावर भरवसा ठेवा. नाकाचा शेंडा, गाल, कानाची पाळी आधी दुखते आणि मग अचानक दुखायची थांबते. हे ‘आता बरं वाटतंय’ नसतं, ती जागा सुन्न झालेली असते. तिथे उघडा ऊबदार तळहात ठेवा आणि जवळच्या दुकानात, बसथांब्याच्या आडोशाला, कुठेही आत जा. चोळू नका. आजीने बर्फाने चोळायला सांगितलं असेल तरी नाही. गोठलेल्या त्वचेतले स्फटिक घासले की इजा वाढते. बोटं अगदी सुन्न असतील तर 37 ते 39 अंशांच्या, म्हणजे कोपराला कोमट लागेल अशा पाण्यात धरा. शेगडीवर किंवा हीटरवर धरू नका, कारण चटका बसला तरी कळणार नाही. फोड आले, किंवा अर्ध्या तासात जाणीव परतली नाही, तर डॉक्टरकडे.

डोक्यासाठी कानटोपी पातळ घ्या. अंगातली निम्मी ऊब डोक्यातून जाते हे ऐकलं असेल. ते खरं नाही. डोकं हा शरीराच्या पृष्ठभागाचा दहावा हिस्सा असतं आणि उष्णताही साधारण त्याच प्रमाणात जाते. जाड लोकरी टोपीने घाम मात्र नक्की येतो आणि तो कपाळावर गोठतो. कान पूर्ण झाकले जाणं एवढंच पाहा. गळ्यात बफ, म्हणजे नळीसारखा ताणला जाणारा कपडा, असू द्या. वारा समोरून आला की नाकावर ओढायचा. तो श्वासाने ओला होऊन दहा-पंधरा मिनिटांत कडक होतो. मग तो फिरवून कोरडी बाजू पुढे घ्यायची. उणे 25 ला मी सरळ माकडटोपी घालते. महाबळेश्वरला आजोबा घालायचे तीच, फक्त पातळ कापडाची. नाकावर आणि गालांवर निघण्याआधी व्हॅसलीनचा थर काही जण लावतात. त्याने त्वचा फुटत नाही, पण तो हिमदंशापासून वाचवतो असं समजू नका.

बुटांबद्दल कपड्यांइतकंच बोलायला हवं, कारण इथल्या हिवाळ्यात बहुतेक धावपटू थंडीने नाही, घसरून जायबंदी होतात. ताज्या भुसभुशीत बर्फात पळणं सुरक्षित असतं, फक्त दमवणारं. चालून चालून दाबलेला बर्फही चालतो. धोका आहे तो वितळून पुन्हा गोठलेल्या पारदर्शक थराचा. डांबर नुसतं ओलं दिसतं आणि पाय ठेवल्यावर कळतं. रस्त्यावर टाकलेलं मीठ साधारण उणे 10 च्या खाली मंदावतं, त्यामुळे मीठ दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. मी दोन जोड ठेवते: कोरड्या रस्त्यासाठी ट्रेलचे खोल नक्षीच्या तळाचे बूट, आणि बर्फासाठी कार्बाइडचे बारीक खिळे तळात बसवलेले. बुटांवर चढवायचे रबरी खिळेपट्टेही मिळतात आणि सुरुवातीला तेच घ्या. फक्त मोकळ्या डांबरावर किंवा दुकानाच्या फरशीवर ते काढा, कारण तिथे खिळे उलटे घसरतात. बूट अर्धा नंबर मोठे घ्या, म्हणजे एकच जाड लोकरी मोजा बोटांना न आवळता बसेल. दोन मोजे कोंबले तर रक्त अडतं आणि पाय जास्तच गार पडतात. बुटाच्या पुढच्या जाळीतून वारा बोटांवर येतो. त्यावर बाहेरून रुंद चिकटपट्टी लावली तरी मोठा फरक पडतो. थंडीत बुटाच्या तळव्यातला फोमही कडक होतो, म्हणून बूट बाहेर पडवीत किंवा गाडीत ठेवू नका.

आणि पाऊल कसं टाकायचं? हे कोकणातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. श्रावणात शेवाळलेल्या चिऱ्यांच्या पाखाडीवरून विहिरीकडे जाताना जसं चालतो, तसंच. लहान पाऊल, गुडघे किंचित वाकलेले, आख्खा तळवा एकदम टेकवलेला, शरीराचा भार पायाच्या बरोबर वर. टाच पुढे टाकून लांब ढांग घेतली की गेलात. वेग आपोआप किलोमीटरमागे अर्धा-पाऊण मिनिट कमी होतो. त्याचं वाईट वाटून घेऊ नका, घड्याळावर अंतर न बघता वेळ बघा. ‘आज 16 किलोमीटर’ ऐवजी ‘आज 100 मिनिटं’.

आता फुफ्फुसं. ती गोठत नाहीत. आत ओढलेली हवा नाक, घसा आणि श्वासनलिकेतून जाताना तापते आणि दमट होते; फुफ्फुसाच्या खोल भागात पोचेपर्यंत ती शरीराच्या तापमानाला आलेली असते. न्यूमोनियाही थंड हवेने होत नाही, तो जंतूंमुळे होतो. तुमच्या पत्नीला आणि साताऱ्याला फोनवर आईला हे निःशंक सांगा. त्रास होतो तो कोरडेपणाचा. उणे 20 च्या हवेत बाष्प जवळजवळ नसतं, आणि जोरात श्वास घेताना श्वासनलिकेचं अस्तर सुकतं. म्हणून घरी आल्यावर अर्धा-पाऊण तास कोरडा खोकला येतो, त्याला घाबरायचं कारण नाही. मात्र छातीत घरघर, आवळल्यासारखं वाटणं, दम न पुरणं हे वेगळं. ज्यांना दमा आहे त्यांची नळी अशा हवेत आकसू शकते. त्यांनी डॉक्टरांशी बोलून धावण्याआधी घ्यायच्या पंपाबद्दल ठरवावं आणि पंप आतल्या खिशात, अंगालगत ठेवावा. जिना चढताना छातीत दुखत असेल, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल, तर तपासणीशिवाय या थंडीत धावू नये. गारठ्याने रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदयावर ताण वाढतो.

वेगाचा सराव, म्हणजे धापा टाकायला लावणारे तुकडे, मी उणे 15 च्या खाली बाहेर करत नाही. क्रॉस-कंट्री स्कीइंगच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धासुद्धा उणे 20 च्या खाली घेत नाहीत, आणि ते तर याच हवेत वाढलेले खेळाडू. तेव्हा ट्रेडमिलला नावं ठेवू नका. आठवड्यातला वेगाचा एक दिवस ट्रेडमिलवर किंवा बंदिस्त ट्रॅकवर, बाकीचे सावकाश दिवस बाहेर, अशी वाटणी मी गेली बारा वर्षं करते आहे. तुमचा 16 आठवड्यांचा सराव फेब्रुवारीच्या सुरुवातीला चालू होईल, म्हणजे ऐन कडाक्यात. आत्तापासून आठवड्यातून तीनदा 30-40 मिनिटं बाहेर पडत राहिलात, तर फेब्रुवारीपर्यंत हात आणि चेहरा या हवेला बऱ्यापैकी सरावतील. मधे तीन आठवडे घरात बसलात तर पहिल्यापासून सुरुवात.

काही दिवशी मी जात नाही. विंड चिल उणे 35 च्या खाली असेल तर नाही. गोठणारा पाऊस पडत असेल किंवा नुकताच पडून गेला असेल तर अजिबात नाही, मग तापमान शून्याच्या जवळ का असेना. 1998 च्या जानेवारीत या भागात असाच पाऊस दिवसेंदिवस पडला आणि झाडं, विजेचे मनोरे बर्फाच्या ओझ्याने कोसळले. जुने ओटावाकर त्या आठवड्याबद्दल अजून बोलतात. आदल्या रात्री झोप झाली नसेल किंवा काही खाल्लं नसेल तरी मी टाळते, कारण उपाशीपोटी शेगडीला सरपण नसतं. आणि खरं सांगायचं तर उणे 15 च्या कोरड्या उन्हापेक्षा अधिक दोन अंशांतला पाऊस मला कठीण जातो. त्यात कोरडं राहायचा कुठलाच उपाय नाही.

बाहेर पडण्याआधी घरातच अंग थोडं तापवा. मी सहा सूर्यनमस्कार घालते, मग जिना दोनदा चढते-उतरते. घाम यायच्या आत दाराबाहेर. डिसेंबरात इथे सूर्य पावणेआठच्या सुमाराला उगवतो आणि साडेचारच्या आत मावळतो, त्यामुळे नोकरी करणाऱ्याचं धावणं अंधारातच होतं. चमकणारा पट्टा आणि डोक्यावरचा दिवा लागतोच. फोन बाहेरच्या खिशात ठेवलात तर गारठ्याने बॅटरी अचानक मान टाकते. तो मधल्या थराच्या आत ठेवा. बसचं प्रेस्टो कार्ड बरोबर असू द्या आणि कुठल्या वाटेने, किती वेळ, हे घरी सांगून निघा. तहान लागत नाही म्हणून पाणी टाळू नका. घाम येतोच, फक्त दिसत नाही. बाटलीत कोमट पाणी भरा आणि ती उलटी ठेवा, म्हणजे बर्फ तळाशी धरेल आणि तोंड मोकळं राहील. नदीकाठच्या किची सिबी या हिवाळी वाटेवर गेलात तर स्कीसाठी पाडलेल्या चरांवर पाऊल देऊ नका, शेजारच्या सपाट पट्ट्यावरून जा.

परत आल्यावर पाच मिनिटांत सगळं ओलं अंगावरून उतरलं पाहिजे. दारात उभं राहून बूट सोडत, फोन बघत बसलं की तिथेच हुडहुडी भरते. गरम पाण्याखाली लगेच उभे राहू नका. सुन्न त्वचेला पाण्याचा अंदाज येत नाही आणि मांड्यांना असह्य खाज सुटते. आधी कोरडे कपडे, आलं घातलेला चहा, मग आंघोळ.

शेवटची गोष्ट, आणि मला वाटतं सर्वांत उपयोगाची: एक वही करा. प्रत्येक धावण्यानंतर चार गोष्टी लिहा: तापमान, वारा, काय घातलं, कुठे गार लागलं आणि कुठे घाम आला. वर दिलेले आकडे माझ्या शरीराचे आहेत. तुमचं वजन, वेग, घामाचं प्रमाण वेगळं, म्हणून तुमचे आकडे दोन-चार अंश इकडेतिकडे असतील आणि ते कुणीच तुम्हाला सांगू शकणार नाही. माझ्या वहीतली अशाच एका रविवारची नोंद देते: ‘उणे 18, वारा पश्चिमेचा 15. जाड मेरिनो, पातळ फ्लीस, विंडचीटर, वारारोधक टाइट्स, लोकरी हातमोजे आणि मिटन, कानटोपी, बफ. पहिली आठ मिनिटं गार. 20 व्या मिनिटाला मिटन काढलं, फ्लीसची चेन अर्धी उघडली. परतताना बरोबर. डाव्या पायाची करंगळी गार, बुटाची पट्टी सुटली होती.’ तुमच्या वहीत पहिली नोंद गेल्या रविवारची लिहा, आठवतंय तोवर.